उत्तर आधी माहीत नसलेलं प्रॅक्टिकल

टीवायबीएस्सीला असलेली माझी चुलत बहीण आणि तिच्या मैत्रिणी अमळनेरहून फोन करतात, तेव्हा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, तठे काय येगळं शिकाडतस?" केमिस्ट्रीच्या पुस्तकातलं विचाराल तर फारसं काही नाही. थर्मोडायनॅमिक्स, क्वांटम, स्पेक्ट्रोस्कोपी, ऑरगॅनिकची मेकॅनिझम्स, जळगाव-धुळ्याला जे धडे आहेत तेच इथे अमेरिकेतल्या आयोवातही आहेत. फरक प्रयोगशाळेत आहे. पीएच.डी. करता करता मी टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेते, त्यामुळे तो रोज बघायला मिळतो. आणि माझं ठाम मत झालंय की या फरकाचं मूळ यंत्रांच्या किमतीत नाही.

एचसीएलचा, म्हणजे हायड्रोजन क्लोराइड वायूचा रोटेशन-व्हायब्रेशन स्पेक्ट्रम घ्या: फिरणारे, थरथरणारे रेणू कुठला इन्फ्रारेड प्रकाश शोषतात त्याचा आलेख. आपल्याकडे तो थिअरीच्या पेपरातला हमखास प्रश्न. पी ब्रँच आणि आर ब्रँच हे दोन बाजूंचे रेघांचे गट, मध्ये क्यू ब्रँच का नाही, आकृती काढा. इथे फिजिकल केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मुलं तो वायू स्वतः तयार करतात. फ्यूम हूडमध्ये मिठावर संहत सल्फ्युरिक आम्ल थेंब थेंब सोडायचं, निघालेला वायू कोरडा करायचा आणि गॅस सेलमध्ये भरायचा. कोरडा केलाच पाहिजे, कारण सेलच्या खिडक्या पोटॅशियम ब्रोमाइडच्या असतात, ओल लागली की त्या धुरकटतात. स्कॅन पूर्ण झाला की पडद्यावर दोन्ही अंगांना रेघा उभ्या राहतात, मधली जागा खरोखर रिकामी. रिझोल्यूशन पुरेसं असेल तर प्रत्येक उंच रेघेला चिकटून एक बुटकी रेघ दिसते. क्लोरीनचे ३५ आणि ३७ हे दोन समस्थानिक (वेगळ्या वजनाचे अणू) निसर्गात साधारण तीनास एक प्रमाणात असतात, ते तिथे डोळ्यांनी दिसतात. मग रेघांमधल्या अंतरांवरून मुलं हायड्रोजन आणि क्लोरीन यांच्यामधलं अंतर काढतात, सुमारे १.२७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग). हा आकडा मी परीक्षेत कितीदा लिहिला असेल. तो मोजता येतो, आणि मोजणारी वीस-एकवीस वर्षांची मुलं असतात, हे इथे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

पण १.२७ आलं म्हणून मार्क मिळत नाहीत. अधिक-उणे किती आणि ते कशावरून, हे मांडल्यावर मिळतात.

वहीचंही सांगायला हवं. इथे फेअर जर्नल नावाचा प्रकारच नाही. पानांवर आधीच क्रमांक टाकलेली एकच वही असते, तिच्यात पेनाने तिथल्या तिथे लिहायचं, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि खालचा आकडा वाचता आला पाहिजे. विचित्र आलेलं रीडिंग वहीतच राहतं. आपल्याकडे रफवरून फेअर उतरवताना नेमकं तेच रीडिंग गळून पडतं, आणि बऱ्याचदा शिकण्यासारखं तेच असतं.

सेमेस्टरच्या शेवटच्या आठवड्यांत नेमून दिलेले प्रयोग संपतात आणि जोडीने एक प्रश्न स्वतः निवडायचा असतो. मागे एका जोडीने घरच्या विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट घेतलं. आयोवा म्हणजे मका आणि सोयाबीन. मक्याला नत्र भरपूर लागतं, आणि नायट्रेटचा ऋण आयन मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर खाली उतरतो. इथल्या डे मॉइन शहराला पिण्याच्या पाण्यातून नायट्रेट काढायला वेगळी यंत्रणा चालवावी लागते. लहान बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद यामुळे कमी होते, म्हणून ही काळजी.

त्या दोघांनी काय केलं, ते मुद्दाम सविस्तर सांगते. द्रावण किती अतिनील प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २२० नॅनोमीटर तरंगलांबीला नायट्रेट मोजलं. तिथे पाण्यातले सेंद्रिय पदार्थही प्रकाश शोषतात, म्हणून २७५ला पुन्हा मोजून त्याची वजावट केली. प्रमाण माहीत असलेली स्टँडर्ड द्रावणं स्वतः बनवून, ताडून बघायला कॅलिब्रेशनची रेघ काढली. मग विहिरीच्या पाण्यात माहीत असलेलं नायट्रेट मुद्दाम मिसळलं आणि तेवढंच वाढीव परत मिळतं का, ते तपासलं. ते कमी भरलं. का कमी भरलं, याचा माग काढण्यात त्यांचा बराच वेळ गेला, आणि माझ्या मते खरा कोर्स तिथेच झाला.

मर्यादेशी ताडून पाहताना आणखी एक गोष्ट निघाली. अमेरिकेत मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये ४५. आकडे बघून वाटेल की आपण साडेचार पट ढिले आहोत. पण इथले १० हे नायट्रोजन म्हणून मोजलेले आहेत, आपले ४५ पूर्ण नायट्रेट म्हणून. १० ला ६२ने गुणून १४ने भागा, ४४.३ येतात. मर्यादा जवळपास एकच!

हे सगळं चालू असताना माझ्या डोळ्यांपुढे चोपड्याकडची मामांची केळीच्या मळ्यातली विहीर होती. ठिबकमधून युरिया तिथेही जातो. त्या पाण्याची तपासणी टीवायच्या मुलांनी का करू नये? यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत आहे. शिवाय आपल्या मुलांचा हात चांगला बसलेला असतो. ब्युरेटवर अर्ध्या थेंबाने एंड पॉइंट पकडणारी, मिश्रणातले रॅडिकल्स (आयन) ग्रुपवार ओळखणारी मुलं मी तिथे पाहिली आहेत. इथल्या मुलांना टायट्रेशनचा एवढा सराव नसतो.

त्याच विहिरीच्या पाण्याचा कठीणपणा ईडीटीए या रसायनाने टायट्रेट करून काढायला तर यंत्रही लागत नाही. ०.०१ मोलर द्रावणाचा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. केळीच्या खांबाच्या राखेत पोटॅशियम भरपूर असतं, ते फ्लेम फोटोमीटरवर मोजता येईल. आणि तेलातले दुहेरी बंध किती ते सांगणाऱ्या आयोडीन व्हॅल्यूचा प्रयोग तर अमळनेरकरांनी अभिमानाने करावा. १९४५ साली विप्रो आपल्या गावात सुरू झाली ती वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन घातला की दुहेरी बंध कमी होतात, आयोडीन व्हॅल्यू उतरते. सरकीचं तेल आणि डालडा शेजारी शेजारी ठेवून टायट्रेट करा, आपल्या गावचा इतिहास ब्युरेटमध्ये दिसेल.

नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्सची सोय आहे. तो प्रकल्प इंटरनेटवरून उतरवलेला नसावा, विहिरीवरून कॅनमध्ये भरून आणलेल्या पाण्याचा असावा, असं मला मनापासून वाटतं. नायट्रेटच्या प्रयोगाची कृती मी मराठीत लिहून काढते आहे. स्टँडर्ड कसं बनवायचं, नमुना बर्फात का ठेवायचा, २७५ची वजावट कधी चालत नाही, सगळं त्यात असेल. जूनमध्ये घरी येणार आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या ज्या प्राध्यापकांना ती वर्गात करून बघायची असेल त्यांनी खाली कळवा, नमुने गोळा करायला मी स्वतः सोबत येईन.