हेड्स-अप लॉग: रिझल्टचा कॉलम उडवला

मंडळी, मध्ये बरेच दिवस काही लिहिलं नाही, तर आता एकदमच सांगतो. माझ्या पोकरच्या वहीतला ‘किती जिंकलो किती हरलो’ हा कॉलम मी उडवून टाकलाय, आणि हातसुद्धा (म्हणजे एकेक डाव) आता रिव्हरच्या, म्हणजे टेबलावरच्या पाचव्या न शेवटच्या पत्त्याच्या, शेवटच्या चालीपर्यंतच लिहितो, शोडाऊनला, पत्ते उघडल्यावर, कोणाकडे काय निघालं ते लिहीतच नाही. त्याजागी एक ओळ, मी ही चाल का केली, आणि तीसुद्धा पत्ते उघडायच्या आधी. वाचायला वेडेपणा वाटेल, पण ऐका.

आधी नवीन लोकांसाठी: आमचं सगळं बिनपैशाचं आहे. ऑगस्ट 2025 च्या कायद्यानंतर पैशाचं ऑनलाइन पोकर तसंही बंदच झालं आणि दर शनिवारी गोव्याला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जाऊन बसण्याइतका मी रिकामा नाही न श्रीमंत तर अजिबातच नाही. त्यामुळे चिप्स, डायनिंग टेबल, आणि समोर आमच्या सोसायटीतले दादा, जे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त खेळलेत. 100 बिग ब्लाइंडचा स्टॅक (ब्लाइंड म्हणजे पत्ते बघायच्या आधीच लावायची सक्तीची बोली, एक छोटी न एक मोठी; स्टॅक म्हणजे समोरच्या चिप्स), हेड्स-अप, म्हणजे फक्त दोघं समोरासमोर, प्रत्येक हाताला परत भरून.

तर झालं असं की मी नेग्रानू-पोल्क मॅच परत नीट बघायला घेतली. ज्यांनी तेव्हा पाहिली नाही त्यांच्यासाठी, डॅनियल नेग्रानू म्हणजे 2014 पासून हॉल ऑफ फेममधला माणूस, लाइव्ह टूर्नामेंटचा राजा, आणि डग पोल्क म्हणजे हेड्स-अप नो-लिमिटचा (बेटला मर्यादा नसलेल्या पोकरचा) स्पेशालिस्ट जो तोपर्यंत खेळणं जवळजवळ सोडून बसला होता. दोघांचं वर्षानुवर्षं वाकडं. शेवटी नोव्हेंबर 2020 मध्ये ठरलं, 200/400 डॉलर ब्लाइंड, 25,000 हात. पहिले 200 हात लास व्हेगासला समोरासमोर बसून, त्यात नेग्रानू लाखाच्या वर पुढे गेला, आणि मग ऑनलाइन सुरू झाल्यावर पोल्कनं हळूहळू सोलायला घेतलं, फेब्रुवारी 2021 ला संपली तेव्हा पोल्क साधारण 12 लाख डॉलर वर.

मला यातलं काय आवडतं तर नेग्रानूनं या मॅचसाठी कोच ठेवले. एवढं सगळं जिंकून झालेला माणूस, पंचेचाळिशी ओलांडलेली, आणि तो सॉल्व्हर (योग्य चाल काढून देणारा प्रोग्रॅम) उघडून हेड्स-अपचं प्री-फ्लॉप, म्हणजे टेबलावर पत्ते यायच्या आधीचा खेळ, पहिल्यापासून शिकत बसलाय, सेशन संपलं की परत त्याच स्पॉट्सवर अभ्यास. हरला ते सोडा, शेवटी शेवटी तो खेळत होता ते सुरुवातीच्या नेग्रानूपेक्षा वेगळंच काहीतरी होतं असं मला तरी वाटतं.

आता गणित. 12 लाख भागिले 400 म्हणजे 3,000 बिग ब्लाइंड, 25,000 हातांवर म्हणजे 100 हातांना 12. भारी रेट आहे. पण हेड्स-अपमध्ये चढउतार किती असतो बघा, स्टँडर्ड डेव्हिएशन 100 हातांना 120 बिग ब्लाइंड धरा (मी अंदाजानं धरतोय, तुम्ही तुमचा आकडा टाका), 25,000 हातांचे शंभर-शंभरचे 250 तुकडे, वर्गमूळ पंधराच्या वर थोडं, 120 ला त्यानं भागलं की चूक साधारण 7.6 ची, म्हणजे त्या 12 मध्ये नुसत्या नशिबानं एवढं इकडंतिकडं सहज होतं. म्हणजे तीन महिने, दोन जगातले नावाजलेले खेळाडू, आणि तरी नुसत्या आकड्यावरून छातीठोक काही सांगता येत नाही! पोल्क चांगला आहे हे आपल्याला त्याच्या चाली बघून कळतं, बँकेतल्या रकमेवरून नाही. मग माझ्या शनिवारच्या चार तासांत मी 60 ब्लाइंड वर का खाली याला काय अर्थ आहे सांगा.

याहून डोक्यात जाणारं उदाहरण म्हणजे फिल गॅलफाँड. 2020 च्या सुरुवातीला स्वतःच्याच साइटवर, पॉट लिमिट ओमाहा (चार पत्ते हातात घेऊन खेळायचा पोकरचा प्रकार), 100/200 युरो, परत 25,000 हात, समोर ‘वेनीविडी1993’ या ऑनलाइन नावाचा खेळाडू. गॅलफाँड नऊ लाख युरोच्या खाली गेला. स्वतः इतरांना शिकवणारा माणूस, ट्रेनिंग साइट चालवणारा, आणि सगळ्या जगासमोर हे. सोडून द्यावं का इथपर्यंत विचार आला होता त्याच्या मनात. ब्रेक घेतला, मार्चमध्ये परत बसला, आणि एप्रिलमध्ये मॅच संपली तेव्हा 1,671 युरोनं वर. म्हणजे आठ बिग ब्लाइंड फक्त! एवढ्या सगळ्या उलथापालथीनंतर रिझल्टच्या कॉलममध्ये जवळजवळ शून्य. तो कॉलम वाचून कोणी काय शिकणार?

दादांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, “अरे मग एरिक सायडेल काय वेगळं सांगतो?” हे बरोबर होतं. सायडेल म्हणजे न्यूयॉर्कच्या मेफेअर क्लबमधला, बॅकगॅमन आणि ब्रिजवाला अड्डा, तिथं हॅरिंग्टन, लेडरर वगैरे मंडळी खेळायची आणि खेळ झाला की हातांवर तासन् तास वाद घालायची. 1988 ला पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या मेन इव्हेंटला सायडेल शेवटच्या दोघांत, समोर जॉनी चॅन. फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन पत्ते) राणी-दश्शी-अठ्ठी, चॅनकडे गुलाम-नव्वी म्हणजे तयार स्ट्रेट, ओळीनं पाच पत्ते, आणि त्यानं ते गपचूप लपवून ठेवलं. सायडेलकडे राणी-सत्ती, शेवटी सगळं पुढं ढकललं आणि गेलं. त्याच सायडेलकडे कितीतरी वर्षांनी मारिया कॉनिकोव्हा आली, सायकॉलॉजीत पीएचडी, पोकर शून्य, आणि त्यानं तिला शिकवायला घेतलं. त्याचा एक नियम मला फार पटला: बॅड बीटच्या, म्हणजे चांगला हात असून नशिबानं हरल्याच्या, गोष्टी ऐकणार नाही. नशीब कसं फिरलं ते सांगू नकोस, विचार काय केलास ते सांग.

दादा तसेच आहेत पण जास्त खवचट. परवाचा हात: मी बटनवर (म्हणजे वाटणाऱ्याच्या जागी), किलवर राणी-दश्शी, अडीच ब्लाइंड रेझ, त्यांचा कॉल. फ्लॉप राणी-सत्ती-दुर्री तिन्ही वेगळे. ते चेक (बेट न लावता पुढे), मी पॉटच्या, मधल्या जमलेल्या चिप्सच्या, तिसऱ्या हिश्श्याची बेट. लगेच पत्ते खाली ठेवून विचारतात, “एवढीच का?”

“चार्टमध्ये (चालींच्या तक्त्यात) तसंच आहे.”

“चार्ट खेळतोय का मग? तू ऊठ, त्याला बसव.”

मग अर्धा तास तिथंच. माझ्या छोट्या बेटला त्यांच्या सत्त्या, दुर्र्या, एक्का-हाय (जोडी नाही, नुसता एक्का) सगळं चिकटतं, मोठीला त्यातलं बरंच पळतं, आणि माझ्याकडे रेंजच, म्हणजे मी इथं ज्या ज्या पत्त्यांनिशी असू शकतो त्यांचा संच, एवढी रुंद आहे की मोठी मारायला पुरेसे तगडे हात नाहीत. ही ओळ वहीत गेली. पुढे टर्नला (चौथ्या पत्त्याला) तिर्री, रिव्हरला राजा, मी चेक केलं, त्यामागचं कारणही गेलं. कोण जिंकलं ते नाही लिहिलं न आता आठवतही नाही.

आता पुढचा प्रोजेक्ट, आणि इथं मला तुमचे सल्ले पाहिजेत. 2017 च्या जानेवारीत पिट्सबर्गला लिब्राटस प्रोग्रॅमविरुद्ध चार प्रो बसले होते, 1,20,000 हात. संध्याकाळी हे चौघं मिळून त्याच्या खोडी शोधायचे आणि रात्रीत तो प्रोग्रॅम तिकडं आपली भोकं बुजवत बसायचा, शेवटी 17,66,250 चिप्सनं जिंकला. पण मला हवंय ते त्यांचं पत्ते वाटायचं तंत्र. एका खोलीत माणसाला जे पत्ते, दुसऱ्या खोलीत तेच पत्ते प्रोग्रॅमला, म्हणजे पत्त्यांचं नशीब बऱ्यापैकी कापलं जातं. ब्रिजवाल्यांना हे नवीन नाही.

तर आम्ही चौघं, दोन जोड्या, दोन खोल्या. दोन पॅक, एकाच क्रमानं लावलेले हात पाकिटात, दोन्हीकडे तीच पाकिटं, पण जागा उलट: माझ्या खोलीत मी बटन तर तिकडच्या खोलीत माझा जोडीदार बिग ब्लाइंड. शेवटी दोन्ही जोड्यांच्या चिप्सची बेरीज-वजाबाकी. पाकिटं भरणारा माणूस खेळणारा नको, ते काम दादांच्या बहिणीनं घेतलंय, आणि ताईंची अट एकच आहे की चहाच्या वेळी दोन्ही खोल्या थांबल्या पाहिजेत. अडचण अशी की ऑल-इन झालं (कोणी सगळ्या चिप्स पुढे केल्या) की एका खोलीतला हात दोन मिनिटांत संपतो आणि दुसरीकडे तेच पाकीट दहा मिनिटं चालू, त्यामुळे लवकर सुटलेले लोक दाराशी येऊन कान लावणार. पाकिटांचा क्रम दोन खोल्यांत वेगळा ठेवायचा का? आणि एका दुपारीत किती पाकिटं होतात? कोणी केलं असेल तर सांगा, चौथा भिडू अजून पक्का नाहीये पण दिवाळीच्या आधी बसवायचंच आहे.