सावळ्या रंगाचा फर्मा

सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मी पुस्तकांच्या निर्मितीचे काम पाहते. फर्मा, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर एकत्र छापायची पाने, मशीनवर चढला की रंग जुळलेला पहिला कागद तपासून त्यावर सही करायची, हा त्या कामाचा रोजचा भाग असून बहुतेक वेळा तो चहा निवायच्या आत उरकतो. एका सचित्र कवितासंग्रहाच्या वेळी मात्र त्यात अख्खा दिवस गेला.

संग्रह बाईपणाविषयीचा होता. प्रत्येक कवितेसमोर जलरंगातले एक चित्र होते: डोक्यावरची भाजीची पाटी उतरवणारी, बाळंतपणानंतर पोटावरचे वण न झाकता बसलेली, केमोथेरपीनंतर नुकतेच केस उगवू लागलेली. कवयित्रीने कवितांमध्ये सोसण्याचे गोडवे गायलेले नव्हते, हे मला विशेष आवडले होते. या साऱ्या स्त्रिया सावळ्या होत्या, काही तर ठार काळ्या.

पहिला कागद हातात आला तेव्हा कवयित्री शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मूळ चित्र कागदाशेजारी ठेवले आणि म्हणाल्या, “ही माझी बाई नाही.” भाजीवाली चक्क गहूवर्णी झाली होती.

संग्रह मॅपलिथो या बिनचकाकीच्या कागदावर छापायचा होता. हा कागद शाई पितो, ठिपके पसरतात आणि चित्र मुळापेक्षा गडद उतरते, म्हणून छपाईच्या प्लेट काढण्याआधी ते थोडे उजळून घ्यावेच लागते. बाहेरून फाइल तयार करून देणाऱ्याने हेच कारण फोनवर सांगितले आणि ते खोटे नव्हते. पण कागदासाठी उजळले तर सारे चित्र सारखेच उजळते. इथे पाटी, पदर आणि मागची भिंत जशीच्या तशी होती, उजळली होती ती फक्त कातडी. भिंगाखाली गाल पाहिला तर गुलाबी मजेंटा आणि पिवळ्या यलोचे ठिपके दाटीने बसलेले, निळसर सायनचे जेमतेम, आणि काळ्याचा पत्ता नाही. लग्नाच्या अल्बमसाठी रोज वापरायची ती ‘सुधारणा’ त्याने इथेही सवयीने केली होती, आणि हे कुणी करायला सांगितले असे विचारल्यावर त्याला मनापासून नवल वाटले.

त्या एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही. राजा रविवर्मांचा शिळाछापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून घरोघर गेलेल्या गोऱ्यापान लक्ष्मी-सरस्वतींवर आणि पुढच्या कॅलेंडरांवर आमच्या धंद्याची नजर घडली आहे.

नव्या प्लेट करायच्या ठरल्या. त्यांचा खर्च कुणी सोसायचा यावर मालकांशी थोडी वादावादी झाली, ती सोडून देते. दुपारी नवा कागद निघाला आणि या खेपेला बाई काळी होती खरी, पण मळकट, निर्जीव दिसत होती. फाइलवाल्याने कातडीत सरळ काळी शाई ओतली होती.

तोवर गप्प असलेले आमचे मशीनमन काका तेव्हा पुढे आले. “मॅडम, काळा रंग असा नाही चढवायचा. काळी शाई खाचाखोचांपुरती ठेवा, अंगाचा रंग तिन्ही रंगांतून येऊ द्या. नाहीतर बाई आजारी दिसते.” त्यांनी पुन्हा प्लेट काढायला लावल्या, मजेंटा आणि यलोच्या बरोबरीने सायन भरपूर ठेवायला सांगितले आणि मशीनवर शाई टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. दर खेपेला निघालेला कागद ते खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहत. मोठ्या लेकीचा रंग असाच आहे, म्हणून नजर बसली आहे, एवढेच ते मधे एकदा बोलले. संध्याकाळी भाजीवालीच्या मनगटावर तांबूस छटा उतरली, गळ्याखालची सावली निळसर झाली आणि कपाळावरचा घाम कागदाच्या कोऱ्या पांढऱ्यात चमकला. कवयित्रींनी भिंग मागून घेतले, बराच वेळ पाहिले आणि सही केली.

तरी काकांचे एक म्हणणे शिल्लक होते. पुढच्या फर्म्यातल्या केमोथेरपीच्या चित्रात टाळूवर पिवळा जास्त झाला आहे, तो कावीळ झाल्यासारखा वाटतो, असे त्यांनी कवयित्री ताईंना स्पष्ट सांगितले. ताईंचे मत वेगळे होते. औषधांच्या दिवसांत आपली स्वतःची कातडी तशीच दिसत होती, असे त्या म्हणाल्या. काकांनी मान हलवली आणि पिवळा होता तसाच ठेवला.