मात्रेला सेकंद विचारायचे नसतात

रविवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. कीबोर्डच्या क्लासला दोन महिने झाले, वय बेचाळीस, आणि बाजूला बसते ती नऊ वर्षांची पोरगी माझ्यापेक्षा फास्ट नोटेशन वाचते. असो.

तर आजचा घोळ. वहीत मी पाश्चात्त्य नोटेशनमधल्या नोटांच्या लांब्या केव्हाच लिहून ठेवल्या होत्या, सेमिब्रीव्ह ४ सेकंद, मिनिम २, क्रॉचेट १, क्वेवर अर्धा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर होता तोवर हे खपून गेलं, कारण मिनिटाला ६० ठोके म्हणजे एक ठोका बरोब्बर एका सेकंदाचा. आज सरांनी तो ९० वर नेला आणि माझी पार दांडी गुल, डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. सर म्हणाले, "अहो, लहानपणी तबला शिकलात ना? मग सांगा, एक मात्रा किती सेकंदांची?"

मी गप्प. तीन वर्षं तबला बडवला पण मात्रेला सेकंद कधी विचारलेच नव्हते! तीनताल विलंबितात, म्हणजे संथ लयीत, पण सोळा मात्रांचा आणि द्रुतात, म्हणजे जलद लयीत, पण सोळाचाच. इथेही तसंच आहे, क्रॉचेट म्हणजे एक ठोका धरला तर मिनिम दोन, पोकळ गोल बिनकाठीची सेमिब्रीव्ह चार, आणि काठीला शेपटी लागली की क्वेवर, अर्धा. दोन शेपट्या, पाव. म्हणजे आपली एका मात्रेत दोन, चार बसवायची दुगुन चौगुनच की, नुसती नावं बघून घाबरलो होतो.

नावांचं पण एक गंमतच आहे, ब्रीव्ह म्हणजे मुळात आखूड, त्याची अर्धी ती सेमिब्रीव्ह, आणि आज आमच्या पुस्तकात सगळ्यात लांब तीच!

आपलं हिंदुस्थानी संगीत लिहायच्या भातखंडे पद्धतीत एका मात्रेत दोन स्वर असले की खाली चंद्रकोर काढतात, आणि स्वर लांबवायचा तर पुढे आडवी रेघ. म्हणजे तिथे लांबी स्वराच्या शेजारी लिहिलेली असते. इथे प्रत्येक स्वर आपली लांबी अंगावर घालूनच येतो, पोकळ की भरीव, काठी आहे का, शेपटी किती. मला अजूनही भातखंडेच सोपं वाटतं पण ते सवयीमुळे असेल.

दुसरी चूक ठिपक्याची. नोटेच्या बाजूला ठिपका असला की अर्धा ठोका वाढवायचा, असं मी धरून चाललो होतो. क्रॉचेटला ते जुळतं, दीड होतात. पण ठिपकावाली मिनिम आली आणि मी अडीचला सोडून दिली. त्या पोरीने न बोलता तीन बोटं दाखवली. ठिपका त्या नोटेच्याच लांबीच्या निम्मं वाढवतो, ठोक्याच्या नाही, दोनाचं निम्मं एक. दीडपट हो, साधी दीडपट! पाढ्यात दीडकी म्हणायचो आम्ही.

घरी येऊन वहीतलं 'सेकंद' खोडलं आणि 'ठोके' लिहिलं. मग सहज पुढचं पान उलटलं तर तिथे सहा-आठ (६/८) नावाचा ठेका, त्यात म्हणे क्वेवरचे सहा मोजायचे नाहीतर ठिपकावाल्या क्रॉचेटचे दोन. म्हणजे माझं 'क्रॉचेट १' पण खोडावं लागणार. उद्या बघू, सकाळी दहाला मीटिंग आहे.