नर निवडताना: पाठीवरची चरबी वेगळी, मांसातली वेगळी

सोलापूर भागात पैदाशीसाठी डुकराचा नर घ्यायला गेलेला माणूस वजन विचारतो आणि चरबी किती सुटते ते विचारतो. चरबीचा प्रश्न अर्धाच विचारला जातो, आणि नुकसान तिथेच होतं. पाठीवर कातडीखाली जो थर असतो तो खाटीक कापून बाजूला काढतो, त्याला भाव नाही. मांसाच्या धाग्यांमध्ये पसरलेली चरबी मात्र शिजताना मांस रसरशीत ठेवते. ती २ ते ३ टक्के तरी हवी. या दोन्ही गोष्टींत जनावराजनावरात जो फरक दिसतो, त्यातला जवळपास निम्मा रक्तातून आलेला असतो. पण दोन्हींचं आपसातलं नातं सैल आहे, म्हणून पाठ पातळ आणि मांस मात्र चरबीदार असा नर मिळू शकतो. ड्युरॉक जातीला मागणी आहे ती यासाठीच. यॉर्कशायर आणि लँडरेस या जाती यात मागे पडतात.

आयजीएफ-२ या जनुकाची गंमत प्रत्येक पालकाला माहीत असायला हवी. २००३ साली त्यातला डीएनएच्या एका अक्षराचा बदल सापडला. हा बदल असला की स्नायूत जनुकाला लागणारा ब्रेक सुटतो, मांस वाढतं, पाठीवरची चरबी घटते. पण पिल्लात चालते ती फक्त बापाकडून आलेली प्रत. आईकडची गप्प राहते. नराच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर सगळी पिल्लं सडपातळ निघतात, एकच असेल तर साधारण निम्मी. त्यामुळे माद्या थोड्या चरबीच्या, दुधाळ आणि जास्त पिल्लांच्या ठेवून पातळपणा नराकडून आणता येतो. मादीवर या एका गुणासाठी पैसे घालवू नका.

आता धोक्याचं जनुक. आरवायआर-१, ज्याला जुने लोक हॅलोथेन जनुक म्हणतात. पिएट्रेन जातीत ते सदोष रूपात फार पसरलं, लँडरेसच्या काही वंशांतही आलं. भरदार मांड्या आणि कमी चरबी बघून लोकांनी तेच नर निवडले, आणि सोबत हा दोषही आला. १९९१ मध्ये नेमका बदल समजला: स्नायूतलं कॅल्शियम अडवणारी झडप गळकी होते. जनावर घाबरलं, धावलं, तापलं की कॅल्शियम एकदम सुटतं, अंग ताठतं, ताप चढतो आणि गाडीतच मरतं. वाचलं तरी कापल्यावर ४५ मिनिटांत, मांस गरम असतानाच, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ६ च्या खाली येतो. प्रथिनं बिघडतात, मांस फिकट, लिबलिबीत होतं आणि ट्रेमध्ये पाणी साचतं. चांगल्या मांसाचा पीएच २४ तासांनी ५.५ ते ५.७ वर सावकाश येऊन थांबतो.

दोन्ही प्रती सदोष असल्या तरच मोठा धोका. पण एकेक सदोष प्रत असलेले नर-मादी जुळवले तर सरासरी चारातलं एक पिल्लू तसं निघतं. जनुकाच्या तपासणीला मुळासकट उपटलेले २०-३० केस कोरड्या कागदी पाकिटात पाठवा. कापलेले केस चालत नाहीत, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते.

आणि आपल्याकडचा एप्रिल-मे! डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. दुपारी गाडी भरली तर निर्दोष जनुकाच्या जनावराचंही मांस पाणचट होतं. पहाटे भरा, पाणी मारा, काठी वापरू नका, उतरवल्यावर दोन-तीन तास विसावा द्या.

हॅम्पशायर जातीचं रक्त असेल तर पीआरकेएजी-३ हे जनुकही तपासून घ्या. त्यातल्या एका बदलाने स्नायूत साखरेचा साठा वाढतो, शेवटचा पीएच जास्तच खाली जातो आणि शिजवताना वजन घटतं.

पाठीची चरबी हाताने चाचपून ठरवू नका. शेवटच्या बरगडीपाशी, कण्यापासून साडेसहा सेंटीमीटर बाजूला, अल्ट्रासाउंडने मोजा. सगळी जनावरं एकाच वजनाला, म्हणजे ९० किलोच्या आसपास मोजा, नाहीतर तुलनाच होत नाही. केस काढून तेल लावा, जनावर सरळ उभं असू द्या, यंत्र दाबू नका. दाबलं की चरबी पातळ दिसते. चरबीचे थर दोन-तीन असतात. पहिल्या पडद्याला मांसाची कड समजून आकडा लिहिला, तर जाड पाठीचा नरही कागदावर पातळ ठरतो.