घर घेऊन आलेले पाहुणे

शनिवार, लेस्टर

दुपारी चारच्या सुमारास मामेभावाच्या दारात पोहोचलो. रेडिंगहून येथवर एरवी दोन-सव्वादोन तास पुरतात, पण गाडीमागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, जोडली की तो हिशेब सोडून द्यावा लागतो. येथे इंग्लंडमध्ये ती ओढताना मोटरवेवर ताशी ६० मैलांच्या वर जाता येत नाही आणि तीन पदरी रस्त्यावर अगदी उजवीकडच्या पदरात शिरायलाही मनाई असते. गाडी मीच चालवली. माझा परवाना १९९७ नंतरचा असल्यामुळे एवढे वजन ओढायचे तर पूर्वी मला वेगळी परीक्षा द्यावी लागली असती. डिसेंबर २०२१ मध्ये ती अट निघाली आणि मगच आम्ही ही जुनी कॅराव्हॅन घ्यायचे मनावर घेतले.

दादाच्या ड्राइव्हवेवर ती मागे घेताना खरी करमणूक झाली. कॅराव्हॅनचे मागचे टोक डावीकडे न्यायचे तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते, हे ठाऊक नसलेला दादा मागे उभा राहून मोठ्या अधिकाराने हातवारे करत होता, आणि मी प्रत्येक वेळी त्याच्या सांगण्याच्या उलट करते आहे असे वाटून त्याचा आवाज चढत होता. अखेर कुंपणाला धक्का न लावता ती जागेवर बसली, चारही कोपऱ्यांचे पाय खाली सोडले, आणि गॅरेजमधून वायर ओढून वीजही जोडली.

त्यानंतर वहिनीचा प्रश्न आला. “अगं, वर पाहुण्यांची खोली रिकामी पडली आहे आणि तुम्ही दोघे दारात झोपणार? शेजारचे काय म्हणतील?” तिचे दुखावणे साहजिक होते. आलेल्या माणसाला आपल्या छपराखाली अंथरूण घालून देणे हा आपल्याकडे पाहुणचाराचा निम्मा भाग असतो, आणि तो नाकारणे म्हणजे उरलेल्या निम्म्यावरही शंका घेण्यासारखे. जेवण आणि आंघोळ घरात, झोपायचे मात्र बाहेर, अशी तडजोड झाली. वहिनीने ती मान्य केली, तरी एक जाड दुलई आणून दिलीच.

रविवार, लेस्टर

सकाळी सहाला जाग आली, आणि आवाज होईल की काय या धास्तीविना मी चहा टाकला. दादाकडे याआधी जितक्या वेळा राहिले तितक्या वेळा सकाळचा पहिला तास छताकडे बघत काढला आहे. जिना करकरतो, त्यामुळे आपण उठलो की वहिनी उठणार, आणि वहिनी उठली की लगेच पोह्यांची तयारी सुरू होणार, हे ठरलेलेच.

आज नेमके उलटे झाले. आमच्या खिडकीत दिवा दिसला म्हणून वहिनीच गाऊनवर शाल लपेटून बाहेर आली आणि कॅराव्हॅनच्या लांब बाकावर पाय वर घेऊन बसली. चहा झाला, दुसरा झाला. तिच्या आईच्या शेवटच्या आजारपणात तिला भारतात पोहोचायला उशीर झाला होता, हे मला माहीत होते. पण त्या दिवसांत भावाशी तिचे काय बोलणे झाले आणि ते अजून कसे सलते, हे तिने इतक्या वर्षांत प्रथमच सांगितले. तिच्या घरी मी पाहुणी असते तेव्हा ती कधी बसतच नाही. ओट्याशी उभी राहून, पाठमोरीच बोलते. इथे ओटा माझा होता, तोही हातभर लांबीचा, आणि तिला करण्यासारखे काहीच नव्हते. एवढ्याने किती फरक पडतो याची मला कल्पना नव्हती.

दुपारी बेलग्रेव्ह रोडवर खरेदीला गेलो. मेथी, कढीपत्ता, कोवळी भेंडी आणि दहा किलो कणीक घेतली. कणकेची पिशवी कॅराव्हॅनच्या मधोमध, चाकांच्या आसावर येईल अशीच ठेवावी लागते. जड सामान मागच्या टोकाला गेले तर वेगात कॅराव्हॅन दोन्ही बाजूंना झोल खाऊ लागते, आणि तो झोल एकदा वाढला की आवरणे अवघड होते. आमच्या कॅराव्हॅनला सामानासाठी जेमतेम दीडशे किलोची मुभा आहे. हे दादाला समजावून सांगितले, त्याने मान डोलावली, आणि नंतर लोणच्याच्या तीन बरण्या व पितळी डब्यांचा जुना संच हळूच आत ठेवून दिला.

मंगळवार, पिकरिंग

यॉर्क आणि माल्टनवरून काल येथे आलो. एका शेतकऱ्याच्या कुरणात फक्त पाच कॅराव्हॅनना परवानगी असलेली जागा आहे. पाण्याचा नळ, शौचालयाची कॅसेट, म्हणजे मैल्याची सुटी टाकी, रिकामी करण्याची सोय आणि दहा अँपिअरची वीज, याखेरीज काही नाही. दहा अँपिअर म्हणजे २,३०० वॅट, तेव्हा किटली आणि गीझर एकदम लावले की खटका पडतो. खाली दरीतून वाफेच्या आगगाडीची शिट्टी ऐकू येते. पिकरिंगहून मूर्स या माळरानातून जाणारी ती गाडी हौशी लोकांनी जिवंत ठेवली आहे.

येथे यायचे कारण माझी सांगलीची शाळेपासूनची मैत्रीण. आयुष्यभर याच भागात डॉक्टरकी करून ती निवृत्त झाली. यजमान गेले, मग गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून ‘ये’ म्हणताना तिचा आवाज किंचित अडखळू लागला. वरच्या मजल्यावर जाऊन गाद्या काढणे तिला जमत नाही, आणि पाहुण्याला स्वतःचे स्वतः करू देणे तिच्या स्वभावात नाही. अशा वेळी लोक भेटी पुढे ढकलत राहतात आणि फोनवर भागवतात. आम्हीही तेच करत आलो होतो.

काल संध्याकाळी तिला गाडीतून कुरणावर आणले. पायरीवर काठी टेकून आत शिरली आणि म्हणाली, “काय गं, एवढ्याशा खोलीत संसार मांडलास की!” वरणाला फोडणी घातली तेव्हा नेहमीप्रमाणे धुराचा अलार्म कोकलू लागला, छताची खिडकी उघडून नवरा टॉवेलने वारा घालत असताना ती इतकी हसली की तिला ठसका लागला. जूनमध्ये येथे रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे किती वाजले हे कोणाच्या लक्षात आले नाही. आज ती आपणहून म्हणाली, “उद्याही येते. मात्र भाजी मी चिरणार.”

गुरुवार, डरहॅम

नकाशावर बघितले तर सटन बँक ओलांडून थर्स्कला उतरणे सरळ वाटते, पण तो घाट १ ला ४, म्हणजे दर चार फुटांमागे एक फूट, असा खडा आहे आणि कॅराव्हॅनना तेथे बंदी आहे. म्हणून उलटे दक्षिणेकडे उतरून मोठा वळसा घेतला. वाटेत सांगण्यासारखे काही घडले नाही.

येथे नवऱ्याचा पुण्याच्या हॉस्टेलमधला मित्र आहे. त्याच्या पत्नीला सांभाळायला दिवसातून दोनदा मदतनीस येते, आणि घरात परके माणूस वावरले की या वहिनी अस्वस्थ होतात, त्यामुळे कित्येक वर्षांत त्यांच्याकडे कोणी मुक्कामाला गेलेले नाही. गावाबाहेरच्या साइटवर आम्ही तंबूची ओसरी लावली आणि दोघांना दुपारी तेथेच बोलावले. पिठले, भाकरी आणि दादाचे लोणचे, असा बेत होता. वहिनी फारसे बोलल्या नाहीत, पण खुर्ची उन्हात सरकवून घेऊन शांतपणे जेवल्या. दोघे मित्र मात्र सुटले होते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे, तर निवृत्तीनंतर तिकडेच एक घेऊन कोकण पालथे घालू, असा बेत त्यांनी आखला. आमच्या कोकणातल्या घाटरस्त्यांवर हे धूड मागे घ्यायची वेळ आली तर स्टिअरिंगवर कोण बसणार, हे मी विचारले नाही.

संध्याकाळी ते गेल्यावर नवरा साइटच्या कार्यालयात मुक्कामाचे पैसे भरायला गेला, तर सगळे पैसे मित्राने सकाळीच भरून टाकल्याचे कळले. फोनवर दोघांची चांगलीच जुंपली. “माझ्या गावात आलास आणि राहण्याचे पैसे तू देणार?” असे तिकडून ऐकू येत होते. शेवटी आम्हीच माघार घेतली. त्याने शनिवारची रात्रही भरून ठेवली आहे, तेव्हा परवा सकाळी निघण्याचा आमचा बेत आता एक दिवस पुढे गेला आहे.