आमची वाटचाल: दोन लाइन, एक राउटर

केबल ओढणं, स्विच बसवणं, राउटर लावून देणं, ही आमची सुरुवातीची कामं. अनेक इंटरनेट लाइनवर ट्रॅफिक वाटून देण्याच्या कामाकडे आम्हाला ग्राहकांनीच वळवलं. कार्यालयात दुसरी लाइन घेतलेली असायची, पण ती नुसती पडून. पहिली गेली की कुणीतरी उठून केबल बदलायची, तोवर सगळं ठप्प.

ग्राहकाची अपेक्षा ठरलेली: शंभर एमबीपीएसच्या दोन लाइन जोडल्या की दोनशेचा वेग मिळणार. आम्ही कोटेशन देण्याआधीच सांगतो, एका फाइलचं डाउनलोड शंभरच्या पुढे जाणार नाही. प्रत्येक लाइनचा बाहेरचा आयपी पत्ता वेगळा असतो. एकाच कनेक्शनची, म्हणजे संगणक आणि सर्व्हरमधल्या एका संवादाची, पॅकेट्स (डेटाचे छोटे तुकडे) दोन्हीकडून पाठवली तर समोरचा सर्व्हर ती ओळखत नाही. म्हणून राउटर अख्खं कनेक्शन एकाच लाइनवर टाकतो. अनेक माणसं एकदम काम करत असली, की मात्र शेकडो कनेक्शन विभागली जातात आणि दोन्ही लाइन खरोखर वापरात येतात. हे ऐकून काही जण दुसरीकडे गेले. जे राहिले ते आजही आमच्याकडेच आहेत.

आम्ही लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर राउटर बांधायचो. 2012 मध्ये लिनक्स 3.6 मधून राउटिंग कॅश (आधी ठरलेल्या मार्गांची साठवण) काढली गेली आणि आयपीव्ही4 (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) चं मल्टिपाथ, म्हणजे अनेक मार्गांवरचं वाटप, पॅकेटगणिक वाटू लागलं. मग कनेक्शनला खूण लावून त्याची लाइन पक्की करायची पद्धत आम्ही घट्ट धरली. 2016 च्या जानेवारीत आलेल्या 4.4 मध्ये हॅशवर (पत्त्यांवरून काढलेल्या आकड्यावर) आधारित वाटप आलं, तरी खुणा आम्ही सोडल्या नाहीत. बँकेच्या साइटवर लॉगिन एका लाइनवरून आणि पुढचं पान दुसरीवरून गेलं, तर सेशन तुटू शकतं. त्यामुळे बँकिंग आणि फोन कॉल ठरलेल्या लाइनवर, बाकीचं वाटून. तीनशे आणि शंभरच्या लाइन असतील तर वाटणी तीनास एक.

सगळ्यात जास्त कष्ट घेतले ते लाइन मेली हे ओळखण्यावर. राउटरचा दिवा हिरवा असतो, गेटवे (लाइनवरचा पुढचा पहिला टप्पा) पिंगला, म्हणजे चाचणीच्या संदेशाला, उत्तर देतो, आणि त्याच्या पुढे सगळं बंद. म्हणून प्रत्येक लाइनवरून बाहेरच्या किमान दोन पत्त्यांची तपासणी चालू ठेवतो. लागोपाठ काही उत्तरं चुकली तरच लाइन बाद होते, आणि परत घेताना ती थोडा वेळ स्थिर राहिलेली पाहतो. नाहीतर ट्रॅफिक इकडून तिकडे उड्या मारत राहतं. लाइन बदलताना चालू कॉल तुटतो, हेही आधीच सांगून ठेवतो.

दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या म्हणून निर्धास्त राहता येत नाही. दोन्ही केबल एकाच चरातून आल्या असतील तर एका खोदकामात दोन्ही जातात. त्यामुळे मार्ग पाहिल्याशिवाय आम्ही आराखडा देत नाही.

ज्यांना एकाच कनेक्शनसाठी दोन्ही लाइनचा वेग हवा असतो, त्यांच्यासाठी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरपर्यंत दोन्ही लाइनवरून टनेल (इंटरनेटमधूनच जाणारी स्वतंत्र वाट) टाकतो. एकच कनेक्शन अनेक लाइनवरून नेणारं मल्टिपाथ टीसीपी 2020 मध्ये लिनक्स 5.6 पासून मुख्य कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) येऊ लागलं. पण ते दोन्ही टोकांना लागतं, म्हणून तिथेही मधला सर्व्हर आमचाच. सध्या तिसरी लाइन म्हणून मोबाइल डेटा जोडतोय. त्यावर मेल आणि बिलिंग चालतं, बॅकअप थांबवून ठेवतो.