पंधरा दिवस शिल्लक

श्रावणातला पहिला सोमवार, ५ ऑगस्ट २०२४. ऑफिसातला मुलगा पहाटेच त्र्यंबकला गेला होता. दुपारपर्यंत येतो म्हणाला होता, पण श्रावणी सोमवारी त्र्यंबक रोडवर गाडी घातली की दुपार म्हणजे संध्याकाळ, हे मला माहीत होतं. बाहेर पावसाची झड लागलेली. गोदावरीला पाणी किती चढलं याची चौकशी सोसायटीच्या ग्रुपवर चालू होती. मी एकटीच चहा घेत बसले होते.

माझं ऑफिस कॅनडा कॉर्नरला, झेरॉक्सच्या दुकानावर. या पत्त्यापायी मला रोज दोन-तीन माणसांना सांगावं लागतं की मी कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, करत नाही. मी टुरिस्ट आणि व्हिजिटर व्हिसाच्या फायली लावते. फॉर्म, विमा, बँक स्टेटमेंट, हॉटेल बुकिंग. पक्षकाराला पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला अपॉइंटमेंटला धाडायचं, आणि पासपोर्ट परत आला की पेढे खायचे. चौदा वर्षं हेच चाललंय.

साडेदहाला काकांचा मेसेज आला. ‘ताई, उद्याच्या विमानाचं चेक-इन करून द्या. खिडकी काकूंना.’ खाली तिकीट. जॉर्जियातल्या तिबिलिसीहून जर्मनीतल्या म्युनिकला, इस्तंबूलला विमान बदलून.

काका जेल रोडचे. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. प्रेस म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस, जिथं देशातला प्रत्येक पासपोर्ट छापला जातो. आयुष्यभर काकांच्या हाताखालून दुसऱ्यांचे पासपोर्ट गेले आणि स्वतःचा पहिला त्यांनी काढला निवृत्तीनंतर, मुलगी जर्मनीला गेली तेव्हा. पहिल्या भेटीत माझ्या टेबलावर त्यांनी स्वतःचाच पासपोर्ट उजेडात धरून, पानं वाकवून, शिवण तपासली होती. मग म्हणाले, ‘बरा आहे.’

मुलीकडे दोनदा जाऊन आल्यावर २०२४ च्या मार्चमध्ये दोघांना वर्षभराचा शेंगेन व्हिसा मिळाला, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. काकांनी मोठा बेत आखला. मार्च ते जून मुलीकडे, मग उन्हाळाभर जॉर्जिया, मग पुन्हा मुलीकडे, कारण तिला बाळंतपणासाठी सप्टेंबरच्या पाच तारखेची तारीख दिली होती. शेंगेन व्हिसा चालू असला की भारतीयांना जॉर्जियात वेगळा व्हिसा लागत नाही, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. हे काकांनी स्वतः शोधून काढलं होतं, आणि मी ते तपासून ‘बरोबर आहे’ म्हटलं होतं. तिबिलिसीत फ्लॅट भाड्यानं घेतला. काखेतीचे द्राक्षमळे बघून आल्यावर मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘आपली दिंडोरीच. फक्त इथं वाइन मातीच्या रांजणात, जमिनीत पुरून करतात.’

तर चेक-इनसाठी मी फाइल उघडली. पासपोर्ट नंबर टाकायचे तेवढंच काम. पण त्या फोल्डरमध्ये काकांनी जून महिन्यात पाठवलेला शिक्क्यांच्या पानाचा फोटो होता. आत, २० मार्च. बाहेर, २ जून. मी सहज बोटांवर मोजलं. मार्चचे १२, एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे २. पंच्याहत्तर.

मग परतीचं तिकीट बघितलं. म्युनिक ते मुंबई, ६ ऑक्टोबर.

चहा तसाच राहिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर तीन गोष्टी असतात: कधीपासून कधीपर्यंत चालेल, किती वेळा आत जाता येईल आणि किती दिवस राहता येईल. काकांच्या स्टिकरवर होतं एक वर्ष, कितीही वेळा, ९० दिवस. बहुतेक लोकांना वाटतं, हे रिक्षाच्या मीटरसारखं आहे. बाहेर पडलं, पुन्हा आत गेलं की मीटर शून्यावर. तसं नाही. तुम्ही ज्या दिवशी तिथं उभे आहात त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे, आणि त्यात शेंगेनमध्ये काढलेले सगळे दिवस मिळून ९० च्या वर जाता कामा नयेत. हा हिशेब रोज नव्यानं करायचा. पोचल्याचा दिवस धरायचा, निघाल्याचाही धरायचा.

६ ऑगस्टपासून १८० दिवस मागे गेलं की ९ फेब्रुवारी येते. म्हणजे काकांचे पंच्याहत्तरच्या पंच्याहत्तर दिवस आतच. शिल्लक पंधरा. ६ ते २० ऑगस्ट. बाळाच्या तारखेच्या सोळा दिवस आधी त्यांना बाहेर पडावं लागणार होतं.

आणि मार्चमध्ये याच खुर्चीवर बसून मी म्हटलं होतं, ‘काका, मल्टिपल मिळालाय, वर्षभराचा, नव्वद दिवसांचा. कितीही वेळा जा.’ त्या वाक्यातला एकेक शब्द खरा होता. उरलेलं अर्धं वाक्य मी बोललेच नव्हते. त्या दिवशी बाहेर तीन माणसं थांबली होती, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं.

फोन लावला. तिबिलिसीत तेव्हा सकाळचे नऊ-साडेनऊ असतील. काका म्हणाले, ‘झालं का ताई? खिडकी मिळाली?’

मी सांगितलं. पलीकडे शांतता. मग काका म्हणाले, ‘पण आत तर घेतील ना? उद्याच्या उद्या काही अडचण नाही ना?’

‘घेतील. पंधरा दिवस आहेत म्हटल्यावर घेतीलही. पण एकवीस तारखेपासून तुम्ही बेकायदा.’

मागून काकूंचा आवाज आला, ‘काय झालं हो?’ काकांनी फोन स्पीकरवर टाकला. मला ते नको होतं.

काकूंनी जे विचारलं ते बरोबरच होतं. मुलीचं पहिलं बाळंतपण, सासूबाई गुडघ्यानं अधू, डिंक आणि अळीव जेल रोडवरून निघताना बॅगेत घातलेले, अर्धं जग फिरून त्या बॅगा तिबिलिसीत पोचलेल्या, आणि आता कुणीतरी नाशिकमधून सांगतंय की तुमचे दिवस संपले. ‘अगं, पण तूच म्हणाली होतीस ना कितीही वेळा जा?’

‘हो काकू. मीच म्हटलं होतं.’

यावर त्या काही बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तासाभरात जावयांचा फोन आला. त्यांच्या ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं होतं की म्हातारी माणसं आहेत, महिनाभर जास्त राहिली तर कोण बघतंय. हे वाक्य मी चौदा वर्षांत शंभरदा ऐकलंय. बघतात. परत निघताना सीमेवरचा पोलीस तेव्हा दोन शिक्क्यांमधले दिवस मोजायचा. दंड होऊ शकतो, प्रवेशबंदी लागू शकते, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते आडवं येतं. ज्यांचं नातवंड तिकडेच वाढणार आहे त्यांना हा जुगार परवडणारा नाही. (आता तर १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी संगणकी नोंद सुरू झाली आहे. ती दिवस आपोआप मोजते. त्यापुढे ‘कोण बघतंय’ या प्रश्नाला अर्थच उरलेला नाही.) तिथं जाऊन मुदत वाढवून घेता येते का, हे जावयांनी विचारलं. येते, पण एखादं अपरिहार्य संकट किंवा गंभीर वैयक्तिक कारण असेल तर. मुलीची ठरलेली प्रसूती त्यात बसेलच याची खात्री कोण देणार?

मग मी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं आणि टेबलावर पसरलं. युरोपियन कमिशनचा एक ऑनलाइन कॅल्क्युलेटर आहे, तोही उघडला. पण मला कागदावर दिसल्याशिवाय पटत नाही. काकांना व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा कालनिर्णयवर धरला.

‘काका, हे १८० दिवस म्हणजे एक गठ्ठा समजा. रोज पुढून एक पान येतं...’

‘...आणि मागचं एक गळतं,’ काका म्हणाले. ‘म्हणजे माझं वीस मार्चचं पान कधी गळतंय?’

मला वाटलं होतं हे समजवायला अर्धा तास जाईल. पण काका जन्मभर मोजणीच्या खात्यात होते. मोजणी जुळेपर्यंत पाळी सुटायची नाही, असं ते नेहमी सांगत. त्यांनी तिकडे वहीवर स्वतःच मांडायला घेतलं. वीस मार्च गळतो १६ सप्टेंबरला. तिथून पुढे रोज एक जुना दिवस सुटणार. म्हणजे शिल्लक पंधरा दिवस पंधरा सप्टेंबरपर्यंत पुरले पाहिजेत. पंधरा सप्टेंबर धरून पंधरा दिवस मागे.

‘एक सप्टेंबर,’ आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

ऑगस्टऐवजी १ सप्टेंबरला आत गेलं तर पंधरा तारखेला मोजणी बरोबर ९०, सोळाला एक गळून एक वाढणार, पुन्हा ९०. ती तशीच ९० वर धरून २९ नोव्हेंबरपर्यंत राहता येत होतं. मधे सलग ९० दिवस बाहेर राहिलं की पुढचे ९० कोरे मिळतात, असं हे गणित सरळही सांगता येतं. पण त्या दिवशी आम्हाला ते मागून सापडलं.

काकू स्क्रीनच्या कडेला आल्या. ‘म्हणजे सव्वा महिना राहता येईल?’

‘तीन महिने काकू. आधीच्या तिकिटापेक्षा जास्त.’

‘पण बाळ आधी आलं तर?’

याचं उत्तर कालनिर्णयात नव्हतं.

आता प्रश्न उरला ऑगस्ट काढायचा कुठे. जॉर्जियात ते २ जूनला आले होते. तिथलेही नव्वदच. २९, ३१ आणि ३० मिळून नव्वदावा दिवस येतो ३० ऑगस्टला. दोन रात्री कमी पडत होत्या. काका म्हणाले, ‘दोनच दिवस आहेत, इथंच काढू.’ मी नाही म्हटलं. एका देशाचा नियम पाळायला दुसऱ्याचा मोडायचा, हे मला त्या दिवशी तरी जमलं नसतं. तुर्कस्तान सुचलं. शेंगेन व्हिसा चालू असलेल्या भारतीयाला तिथला ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, एका प्रवेशाचा. ३० ला तिबिलिसी सोडायचं, इस्तंबूलला दोन रात्री, १ सप्टेंबरला म्युनिक. आधीच्या तिकिटातही विमान इस्तंबूललाच बदलायचं होतं, पण तेव्हा विमानतळाबाहेर पडायचं नव्हतं, म्हणून व्हिसाचा विषय नव्हता. विमानतळाचं दार ओलांडलं की नियम बदलतात, ही गोष्ट लोकांना सगळ्यात उशिरा कळते.

ई-व्हिसाच्या फॉर्ममध्ये आपल्या मराठी नावांचा घोळ असतोच. आपल्याकडे पासपोर्टात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात येतं. घाईत मधलं नाव गाळलं की व्हिसा एका माणसाचा आणि पासपोर्ट दुसऱ्याचा. मागे व्हिएतनामला निघालेल्या एका बाईंना याच कारणानं मुंबईच्या काउंटरवरून परत यावं लागलं होतं. मी दोन्ही फॉर्म मोठ्यानं अक्षर-अक्षर वाचत भरले, रिकाम्या ऑफिसात.

आणखी एक भोक सापडलं. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, आणि यांचा विमा पहिल्या फेरीपुरताच होता. जावयांनी तिकडून नवा घेतला. घरमालकीणबाईंनी फ्लॅट महिनाभर वाढवून दिला. जुनं तिकीट बुडालं. इस्तंबूलच्या दोन रात्रींचे पैसे मी भरले. काका नको म्हणत होते, काकू नको म्हणाल्या नाहीत, आणि मला तेच बरं वाटलं.

मुलगा संध्याकाळी त्र्यंबकहून प्रसाद घेऊन आला. टेबलावर उलटसुलट पसरलेलं कालनिर्णय बघून म्हणाला, ‘मॅडम, मुहूर्त काढताय का?’

बाळ २९ ऑगस्टलाच आलं. काकूंनी नातीला पहिल्यांदा पाहिलं ते तिबिलिसीच्या स्वयंपाकघरात, मोबाइलवर. मला ती बातमी काकांनी कळवली. काकूंनी मला त्यानंतर महिनाभर फोन केला नाही.

१ सप्टेंबरच्या प्रवासासाठी मी दोघांना एक तक्ता पाठवला होता. किती तारखेला आत, किती तारखेला बाहेर, मोजणी किती, कधी काय गळतं. रविवार होता. संध्याकाळी काकांचा फोन आला, सामानाच्या पट्ट्याजवळून. अधिकाऱ्यानं शिक्के बघितले, मग शेजारच्याला बोलावलं, दोघांनी मिळून मोजलं. काकांनी तक्ता पुढे सरकवला. त्यांनी तो वाचला आणि शिक्का मारला.

‘काही बोलले का?’ मी विचारलं.

‘नाही,’ काका म्हणाले. ‘पण शिक्का नीट नाही मारला हो ताई. शाई पसरलीय. आमच्याकडे असलं पान बाद केलं असतं.’